मोबाइल, सोशल मीडिया आणि अमेरिकेतली हरणाची शिकार: नेमकं काय बदललं?

प्रश्न थोडक्यात असा. नोकरीनिमित्त नुकतेच विस्कॉन्सिनला आलेले एक मराठी गृहस्थ विचारतात: "नोव्हेंबर आला की ऑफिसातली निम्मी माणसं हरणाच्या शिकारीला जातात. जंगलात लावलेल्या कॅमेऱ्याचे फोटो मीटिंगमध्ये बसून मोबाइलवर बघतात, नकाशाचं ॲप दाखवतात, नंतर शिंगांचे फोटो फेसबुकवर टाकतात. मग यात शिकार म्हणावी असं उरलं काय? आणि मला शिकायचं असेल तर फोन कितपत वापरू?"

मी या राज्यात बरीच वर्षं बंदुकीने आणि धनुष्यबाणाने हरणाची शिकार करतो. नवशिक्यांच्या सुरक्षा वर्गात स्वयंसेवक म्हणून शिकवतोही. त्यामुळे फोन नसतानाचे शिकारी आणि फोन हातात घेऊनच जंगलात शिरलेली पोरं, दोन्ही पिढ्या जवळून बघितल्या आहेत.

आधी सरळ उत्तर देतो. फोनमुळे हरीण मारणं बाहेरून वाटतं तितकं सोपं झालेलं नाही. हरणाचं नाक तेच, कान तेच आणि वारा फिरला की पांढरी शेपटी उभारून पळणंही तेच. बदललं ते वेगळंच. जंगलाची माहिती पूर्वी ठरावीक घरांत असायची, ती आता कोणालाही मिळते. आणि पूर्वी मचाणावर माणूस एकटा बसायचा, आता त्याच्या खिशात शेकडो बघे असतात. पहिला बदल मला मनापासून आवडतो. दुसऱ्याने आमच्या या कामाचं खरोखर नुकसान केलं आहे.

महाराष्ट्रातून आलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकार बंद होत गेली, ते योग्यच झालं. इथली गोष्ट निराळी आहे. पांढऱ्या शेपटीची हरणं १९०० च्या आसपास अमेरिकेत जेमतेम पाच लाखांवर आली होती. बाजारात विकण्यासाठीची शिकार बंद झाली, मोसम आणि परवाने आले आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा थेट वन्यजीवांच्या कामाला लावला. आज ही हरणं तीन कोटींच्या घरात असल्याचा अंदाज आहे. लांडगे, प्यूमा बहुतेक भागांतून गेले, त्यामुळे संख्या आवरायचं काम माणसावर आलं. विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी नऊ दिवसांचा बंदुकीचा मोसम सुरू होतो आणि साडेपाच लाखांच्या आसपास माणसं भगव्या जाकिटात रानात उतरतात. बंदूक, धनुष्य सगळं धरून वर्षाला साधारण तीन लाख हरणं मारली जातात, आणि त्यांचं मांस घराघरांतल्या फ्रीझरमध्ये जातं.

आता नकाशा. फोनने शिकाऱ्याला दिलेली सगळ्यात मोलाची गोष्ट मी यालाच मानतो. या राज्यात दुसऱ्याच्या जमिनीवर पाटी असो वा नसो, परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. पूर्वी हद्द कुठे हे कळायला तालुक्याच्या नोंदींचं पुस्तक विकत घ्यायचं, नाहीतर गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं. ज्याचे आजोबा इथले, त्याला सगळं ठाऊक. ज्याचे नाहीत, त्याने सरकारी जंगलाच्या वाहनतळाजवळ घुटमळायचं. मोंटानातल्या मिझुला गावी २००९ मध्ये सुरू झालेल्या ऑनएक्स कंपनीने जमिनीच्या मालकीचा नकाशा आधी जीपीएस यंत्राच्या चिपवर आणि मग फोनवर आणला. आता मी रानात उभा असलो की निळ्या ठिपक्यावरून कळतं, ओढ्याच्या पलीकडचा उतार सरकारचा की शेजारच्या दूधवाल्या शेतकऱ्याचा.

त्यातलीही एक बारकी गोष्ट सांगतो, कारण नवख्याला हीच सगळ्यात उपयोगी पडेल. विस्कॉन्सिनमध्ये मॅनेज्ड फॉरेस्ट लॉ नावाची योजना आहे. खासगी जंगलमालकाला करात सवलत मिळते. त्याने जमीन लोकांसाठी 'खुली' ठेवली तर तिथे कोणालाही पायी जाऊन शिकार करता येते. असे तुकडे राज्यभर विखुरलेले आहेत. बाहेरून बघितलं तर ते कोणाच्या तरी घरामागचं खासगी रान वाटतं. फोनवरच्या नकाशात हा थर चालू केला की ते रंगीत होऊन दिसतात. माझ्या वर्गातली कित्येक मुलं, त्यात लाओसकडून येऊन मिनेसोटा-विस्कॉन्सिनमध्ये वसलेल्या ह्मॉंग समाजातल्या कुटुंबांतली मुलंही आली, अशाच तुकड्यांवर पहिलं हरीण मिळवतात. ना ओळख, ना वारसा, ना जमीन विकत घ्यायला पैसा. अशा माणसाला नकाशाने दार उघडून दिलं.

जमीनवाल्यांना हे सगळीकडे रुचलं असं नाही. वायोमिंगमध्ये एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना जमिनी दिल्या गेल्या, त्यामुळे सरकारी आणि खासगी चौकोन बुद्धिबळाच्या पटासारखे आलटून-पालटून पडले आहेत. मिझुरीहून आलेले शिकारी, २०२० मध्ये तिघे आणि २०२१ मध्ये चौघे, एल्क माउंटनवर एका सरकारी चौकोनातून दुसऱ्या सरकारी चौकोनात कोपऱ्यावरून गेले. दुसऱ्या वर्षी तर त्यांनी कोपऱ्यावर शिडी लावली, म्हणजे खासगी मातीला पाय लागायला नको. जमीनमालकाने खटला भरला, आणि त्यांच्या फोनवरच्या नकाशातल्या खुणा कोर्टात पुरावा म्हणून चर्चेला आल्या. २०२२ मध्ये ज्यूरीने त्यांना फौजदारी आरोपातून सोडलं. मार्च २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या, म्हणजे त्या भागाच्या केंद्रीय, अपील कोर्टाने दिवाणी बाजूही शिकाऱ्यांच्या पारड्यात टाकली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायला नकार दिला. पश्चिमेकडच्या राज्यांत अशी कोपऱ्यांमुळे अडकून पडलेली सरकारी जमीन ८३ लाख एकर असल्याचा ऑनएक्सचाच हिशेब आहे. खिशातल्या नकाशाशिवाय असे कोपरे शोधणं या चौघांना इतकं सोपं गेलं नसतं.

कॅमेऱ्याबद्दल मात्र माझं मन असं एका बाजूचं नाही.

झाडाला बांधायचे कॅमेरे जुने आहेत. पूर्वी त्यात फिल्मचा रोल असायचा. हलणारं उबदार शरीर समोर आलं की सेन्सर फोटो काढायचा, रोल संपला की दुकानात धुवायला द्यायचा, आणि निम्मे फोटो रॅकून आणि हलणाऱ्या फांद्यांचे निघायचे. मग मेमरी कार्ड आलं. तरी कार्ड बदलायला रानात जावंच लागे, आणि दर फेरीला माणसाचा वास तिथे राही. थोराड नर आठवडाभर ती वाट सोडून देतो. आताच्या कॅमेऱ्यात सिमकार्ड असतं. हरीण गेलं की मिनिटभरात फोटो फोनवर. वर छोटं सोलर पॅनल लावलं की वर्षभर तिकडे फिरकायची गरज नाही. रानात माणसाची वर्दळ कमी झाली, हा त्याचा मोठा फायदा आणि तो मी नाकारत नाही.

पण त्याने शिकाऱ्याच्या डोक्यात काय केलं ते बघा. उन्हाळ्यापासूनच फोटो यायला लागतात. मखमली शिंगांचा एकेक नर ओळखीचा होतो, त्याला नाव पडतं, त्याची यादी बनते. काही बाबतीत हे चांगलं झालं. नॅशनल डिअर असोसिएशनच्या आकड्यांत १९८९ मध्ये मारलेल्या शिंगवाल्या नरांपैकी ६० टक्क्यांहून जास्त जेमतेम दीड वर्षाचे होते. आता ते प्रमाण त्याच्या निम्म्याच्या आसपास आलं आहे. या बदलाची सुरुवात कॅमेऱ्यांच्या कितीतरी आधीची आहे, काही राज्यांचे नियमही त्यामागे आहेत, पण "अजून दोन वर्षं जाऊ दे, हा मोठा होईल" हा संयम अनेकांना फोटोंनी शिकवला, हे मी माझ्या भोवती पाहिलं आहे.

दुसरी बाजू अशी की हरणाला नाव दिलं की ते आपलं वाटायला लागतं. अमेरिकन कायद्यात रानातलं जनावर कोणाच्याही मालकीचं नसतं. ते सगळ्यांचं, आणि राज्य त्याचं विश्वस्त. तरीही कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याने 'आपला' नर मारला म्हणून दोन घरांचं बोलणं बंद झाल्याचं मला माहीत आहे. दोन्ही घरांकडे त्याच हरणाचे शेकडो फोटो होते आणि दोघांनी त्याला वेगळी नावं ठेवली होती. शिवाय कॅमेऱ्यात मोठा नर दिसला नाही तर घरीच बसायचं, ही नवी सवय लागली आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात नर माजावर येतात, तेव्हा रात्रीतून कित्येक मैल चालून भलताच नर तुमच्या रानात येऊ शकतो. कॅमेरा कालपर्यंतचं सांगतो. उद्याचं सांगायला तो असमर्थ आहे, आणि त्यावर विसंबून घरी बसलेले लोक मोसमातले उत्तम दिवस घालवतात.

खरा वाद आहे तो ताज्या फोटोचा. माणूस शेताच्या एका टोकाला बसला आहे, फोन थरथरतो, नर दुसऱ्या टोकाच्या पाणवठ्यावर उभा दिसतो, आणि हा उठून वाऱ्याच्या खालच्या अंगाने तिकडे निघतो. हे मला मान्य नाही. थिओडोर रूझवेल्ट आणि जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८८७ मध्ये काढलेला बून अँड क्रॉकेट क्लब मोठ्या शिंगांच्या विक्रमांची वही ठेवतो. त्यांचा नियम याच रेषेवर आहे: त्या क्षणी मिळालेल्या बातमीवर तिथल्या तिथे हालचाल करून मारलेलं जनावर त्यांच्या वहीत जात नाही. ॲरिझोनाने तर जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी असे कॅमेरे पूर्ण बंद केले, कारण त्या कोरड्या राज्यात पाणवठे मोजके आणि एकेका पाणवठ्यावर कॅमेऱ्यांची रांग लागलेली. युटाने शिकारीच्या महिन्यांपुरती बंदी घातली, कॅन्ससने २०२३ मध्ये आपल्या वन्यजीव खात्याच्या सार्वजनिक जमिनींवर. विस्कॉन्सिनमध्ये कॅमेऱ्यांना परवानगी आहे. मी स्वतः उन्हाळ्यात ते लावतो आणि बंदुकीचा मोसम उघडायच्या आधी ॲपची सूचना बंद करतो. आधी अभ्यास करून जाणं ही शिकार आहे. समोर नसलेल्या डोळ्याने सांगायचं आणि आपण उठून जायचं, हे मला बोलावणं आल्यावर सामान उचलायला जाण्यासारखं वाटतं.

याच रेषेचा एक जुना कायदा आमच्याकडे आहे आणि तो मला फार आवडतो. बंदुकीच्या मोसमात गटाने शिकार करताना एकाने दुसऱ्याच्या टॅगवर, म्हणजे एक हरीण मारायच्या त्याच्या परवानगीवर, हरीण मारायला विस्कॉन्सिनमध्ये मुभा आहे. पण त्या क्षणी दोघं एकमेकांना दिसत असले पाहिजेत किंवा हाक ऐकू येत असली पाहिजे. फोन, वॉकीटॉकी चालत नाही. कानाचं यंत्र तेवढं चालतं. हाका घालणारी जुनी कुटुंबं अजूनही रांगेत चालताना एकमेकांना ओरडून सांगतात, ते या नियमामुळे.

आता मचाणावर बसल्यानंतरचं. ॲप वाऱ्याची दिशा दाखवतं, आणि नवखा त्यावर पूर्ण भरवसा ठेवतो. पण तो वारा कित्येक मैलांवरच्या वेधशाळेचा किंवा संगणकाच्या अंदाजाचा असतो. मी जिथे शिकार करतो तो नैर्ऋत्य विस्कॉन्सिनचा डोंगराळ भाग. हिमयुगातल्या बर्फाने तो कधी सपाट केला नाही, म्हणून अरुंद दऱ्या आणि उभे कडे जसेच्या तसे आहेत. ॲप वायव्येचा वारा म्हणतं, आणि दरीत तो भिंतीवर आपटून गोल फिरत असतो. संध्याकाळी सूर्य कड्याआड गेला की थंड हवा जड होऊन उतारावरून खाली घसरते आणि तुमचा वास ओढ्याकाठी नेऊन सोडते. हे कळायला मिल्कवीडच्या शेंगा खिशात ठेवाव्यात. आपल्या रुईच्याच कुळातली ती वनस्पती, आत तशाच रेशमी म्हाताऱ्या. एक म्हातारी बोटांतून सोडायची आणि ती कुठे जाते ते नजर पोचेपर्यंत बघायचं. दहा हात सरळ जाते, मग वर उचलली जाते, मग अचानक मागे वळते. तुमचा वास नेमका त्याच वाटेने जातो. कुठल्याही पडद्यावर मला हे कधी दिसलेलं नाही.

आणि पडद्याचा उजेड. हरणाला नारिंगी-लाल रंग नीट ओळखता येत नाहीत, म्हणून आमचं भगवं जाकीट त्याला खुपत नाही. निळा मात्र त्याच्या डोळ्यांना फार चांगला दिसतो. पहाटेच्या अंधारात फोनच्या पडद्याचा निळसर उजेड चेहऱ्यावर पडला की जंगलात तेवढी एकच गोष्ट चमकते. त्यात मान खाली, अंगठा हलतोय. हरीण येतं तेव्हा सहसा पाचोळा वाजतोच असं नाही. दोन झाडांच्या मध्ये मघाशी नसलेली एक आडवी रेघ दिसते, ती त्याची पाठ असते. मान खाली असलेल्या माणसाला ती रेघ दिसत नाही. वर्गातली मुलं सांगतात, "काहीच आलं नाही." मला खात्री असते की त्यातल्या काहींच्या समोरून येऊन गेलं.

नोंदणीतला बदल बाहेरच्यांना क्षुल्लक वाटेल, पण आमच्या गावांवर त्याचा परिणाम मोठा झाला. २०१५ पर्यंत मारलेलं प्रत्येक हरीण नोंदणी केंद्रावर न्यावं लागे. केंद्र म्हणजे गावातला दारूचा गुत्ता, पेट्रोल पंप किंवा काडतुसांचं दुकान. पहिल्या शनिवारी संध्याकाळी पिकअप गाड्यांची रांग, मागच्या फळीवर हरणं, खात्याचे जीवशास्त्रज्ञ जबडा उघडून दातांवरून वय सांगताहेत, पोरं गाडीगाडीला डोकावताहेत. कोणाला कुठे मिळालं, कोण अजून परतलं नाही, सगळ्या बातम्या तिथे. २०१५ पासून नोंदणी फोनवर आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नंबर टाकला की झालं. खात्याला आकडे लगेच मिळतात, शिकाऱ्याचा फेरा वाचतो. मिशिगननेही २०२२ पासून ७२ तासांच्या आत ऑनलाइन कळवणं सक्तीचं केलं. सोय झाली यात शंका नाही. पण त्या रांगेत म्हातारी माणसं नव्या पोरांना जे दोन शब्द सांगायची ते थांबलं, आणि त्या एका शनिवारवर हिवाळा काढणाऱ्या गुत्त्यांचं गिऱ्हाईक गेलं. मिशिगनच्या काही गावांत १५ नोव्हेंबरला भर चौकात आडव्या खांबाला हरणं टांगून बघायची प्रथा अजून टिकून आहे. जमलं तर एकदा बघून या.

ती गर्दी आता फेसबुक-इन्स्टाग्रामवर गेली. फरक एवढाच की गुत्त्यातल्या रांगेत मादी मारलेला, छोटा नर मारलेला, मोठा नर मारलेला, सगळे एकाच ओळीत असायचे. पडद्यावर फक्त मोठी शिंगं वर येतात.

याचे परिणाम खरे आणि वाईट आहेत. हरणांची संख्या आवरायची तर माद्या माराव्या लागतात. नर कितीही मारले तरी पुढच्या वसंतात पाडसं तेवढीच होतात. खातं दरवर्षी हेच सांगतं, माद्यांचे टॅग वाटतं. पण मादीच्या फोटोला कोण विचारतो? दक्षिण विस्कॉन्सिनमध्ये तर हा प्रश्न रोगाशी जोडलेला आहे. २००२ मध्ये मॅडिसनजवळच्या माउंट होरेब भागात क्रॉनिक वेस्टिंग डिसीज म्हणजे सीडब्ल्यूडी सापडला. प्रायॉन म्हणजे बिघडलेल्या प्रथिनामुळे होणारा, मेंदू पोखरणारा, औषध नसलेला रोग. दाटी जास्त तिथे पसरायला सोपा. १९९६ पासून काही भागांत 'आधी मादी, मग नर' असा नियम लावत असत, तो २०११ मध्ये कायद्यानेच बंद झाला. आता शिकाऱ्याच्या विवेकावर सोडलं आहे, आणि तो विवेक ज्या पडद्यावर घडतो तिथे माद्या दिसतच नाहीत.

लहान मुलांच्या बाबतीत मला याचा जास्त राग येतो. दहा-बारा वर्षांची मुलगी आपल्या बापाशेजारी बसून पहिला नर मारते, दोन बोटांएवढी शिंगं, चेहरा आनंदाने फुललेला. बाप कौतुकाने फोटो टाकतो. खाली अनोळखी माणसं लिहितात, "याला मोठा होऊ द्यायचा होता." त्या मुलीने कायदा मोडला नाही, नेम चुकवला नाही, जनावराला तडफडत ठेवलं नाही. तिला कोणी काही बोलायचं कारणच नव्हतं. माझ्या वर्गातल्या आईवडिलांना मी स्पष्ट सांगतो: पहिल्या हरणाचा फोटो आजी-आजोबांना पाठवा, सगळ्या जगाला नको.

प्रसिद्धीच्या हव्यासाने काही जण थेट गुन्ह्यापर्यंत पोचले. नेब्रास्कातल्या ब्रोकन बो गावाजवळच्या एका शिकार आयोजकाच्या प्रकरणात बेकायदा चारा टाकलेल्या जागी शिकार झाल्याचं उघड झालं. त्यात सोशल मीडियावर लाखो चाहते असलेलं एक जोडपंही होतं. २०२२ मध्ये त्यांनी लेसी कायद्याखालचा (बेकायदा मारलेल्या वन्यजीवांच्या व्यवहाराविरुद्धचा केंद्रीय कायदा) कट मान्य केला, आणि पुढे दंड व प्रोबेशनची शिक्षा झाली. ओहायोच्या क्लिंटन काउंटीत नोव्हेंबर २०२३ मध्ये एका तरुणाने क्रॉसबोने १८ टोकांच्या शिंगांचा प्रचंड नर मारला. फोटो देशभर फिरले, मुलाखती झाल्या. मग बाहेर आलं की जमीनमालकाची परवानगीच नव्हती. बहिणीच्या जमिनीवर मारल्याची बतावणी होती. त्याने गुन्हा कबूल केला आणि हरणाची भरपाईच ३५ हजार डॉलरहून जास्त लागली. फोटो एवढा फिरला नसता तर कदाचित कोणी चौकशीही केली नसती. वनरक्षकांना आता निम्मा पुरावा गुन्हेगारच पुरवतात, ही या सगळ्यातली एक समाधानाची गोष्ट.

याच्या उलट, आमच्याच राज्यातली एक जुनी हकिकत ऐका. १९१४ मध्ये बर्नेट काउंटीतल्या डॅनबरीजवळ जेम्स जॉर्डन नावाच्या माणसाने यलो नदीकाठी एक नर मारला. डोकं पेंढा भरायला दिलं, तो कारागीर गाव सोडून गेला आणि शिंगं हरवली. १९६४ मध्ये मिनेसोटातल्या सँडस्टोनला जुन्या सामानाच्या विक्रीत ती कोणीतरी तीन डॉलरला घेतली. बून अँड क्रॉकेटच्या मापाने मोजली तर २०६ पूर्णांक १/८ गुण, म्हणजे त्या काळचा जागतिक विक्रम. शिंगं आपली आहेत हे जॉर्डन सांगत राहिला. त्याच्या नावावर ती अधिकृतपणे लागली १९७८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांनी. १९९३ मध्ये कॅनडातल्या सस्कॅचवानच्या मायलो हॅन्सनने २१३ पूर्णांक ५/८ चा नर मारेपर्यंत तो विक्रम टिकला. आज तसं हरीण पडलं तर रक्त सुकायच्या आत फोटो सगळीकडे गेला असता. जॉर्डनवर अन्याय झाला, तसा आज होणार नाही, हे मी फोनच्या बाजूने प्रामाणिकपणे मोजतो.

जागा उघड होण्याचा प्रश्न तुम्हाला महाराष्ट्रातूनही ओळखीचा असेल. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-करांडल्यात पर्यटकांच्या जिप्सींनी वाघीण आणि तिचे बछडे घेरले, ते व्हिडिओ फिरले, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. दिसलं की कळवायचं, कळलं की सगळ्यांनी धावायचं. इथेही यूट्यूबवर सार्वजनिक जमिनीवरच्या शिकारीचे व्हिडिओ लोकप्रिय झाले. त्यातून नव्या लोकांना खूप शिकायला मिळतं, मी स्वतः विद्यार्थ्यांना काही बघायला सांगतो. पण मागच्या टेकडीच्या आकारावरून बघणारे जागा ओळखतात, आणि पुढच्या मोसमात तिथे गाड्या लावायला जागा नसते. व्हिडिओत क्षितिज दाखवू नका, वाहनतळाची पाटी दाखवू नका, काउंटीचं नाव घेऊ नका.

दोन गोष्टी आटोपशीर सांगतो. जखमी हरणाचा माग काढण्यात फोनने खरी मदत केली आहे. रक्ताचा माग तुटला की फेसबुकवरच्या गटात लिहायचं. जवळपासचा कोणीतरी माग काढणारा कुत्रा दोरीने धरून रात्री-अपरात्री येतो, आणि अन्यथा कोल्ह्यांच्या तोंडी गेलं असतं ते मांस वाचतं. उष्णता टिपणाऱ्या ड्रोनने मेलेलं हरीण शोधायला ओहायोत चालतं, मिशिगनमध्ये चालत नाही, आणि त्यावरून कोर्टकज्जेही झाले आहेत. मला कुत्रा बरा वाटतो. ड्रोन मेलेल्या हरणासोबत जिवंत हरणंही दाखवतो, आणि तिथून पुढचं पाऊल फार जवळ असतं.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र फोन हवाच, त्यात दुमत नको. बंदुकीची गोळी लागण्यापेक्षा मचाणावरून पडून जायबंदी होणारे जास्त. अंगावर सुरक्षेचा हार्नेस बांधलेला असला आणि तुम्ही लटकत असलात, तर पाठीवरच्या पिशवीतला फोन काही कामाचा नाही. हात पोचत नाही. फोन छातीच्या आतल्या खिशात ठेवा. अंगाच्या उबेने बॅटरीही टिकते, नाहीतर शून्याखालच्या थंडीत ती तासाभरात मान टाकते. २०२२ नंतरच्या काही फोनवरून नेटवर्क नसतानाही उपग्रहामार्फत मदत मागता येते. ते कसं चालतं ते घरी असताना शिकून घ्या.

आता तुम्ही काय करावं. तुमचा जन्म १ जानेवारी १९७३ चा किंवा त्यानंतरचा असेल, तर विस्कॉन्सिनमध्ये परवान्याआधी शिकारी सुरक्षा शिक्षण लागतं. प्रौढांना ते पूर्ण ऑनलाइन करता येतं, तरी जमलं तर प्रत्यक्ष वर्गाला या, कारण बंदूक हातात कशी द्यायची-घ्यायची हे पडद्यावर शिकता येत नाही. तेवढा वेळ नसेल तर अनुभवी माणसाच्या सोबतीने एक मोसम काढायची सोयही कायद्यात आहे. ऑफिसातल्या कोणाला तरी विचारा, बहुतेक जण आनंदाने नेतील. नकाशाचं ॲप घ्या, पैसे देऊन घ्या. ऑगस्टमध्ये त्यातले खुले तुकडे शोधा आणि पायी फिरा. लेंड्या, घासलेली झाडं, ओढा ओलांडायच्या जागा स्वतः बघून खुणा करा. पहिल्या वर्षी सिमवाला कॅमेरा घेऊ नका. मचाणावर फोन आवाज आणि थरथर दोन्ही बंद करून आत ठेवा. पहिल्यांदा मादीचा टॅग घ्या, मांसही जास्त चांगलं लागतं.

हरीण मिळालं तर नोंदणी झाल्यावर मानेचा तीन-पाच इंच भाग राखून डोकं जवळच्या सीडब्ल्यूडी तपासणी पेटीत ठेवा, हे फुकट असतं आणि पेट्या रात्रंदिवस उघड्या असतात. निकाल फोनवर बघता येतो. तोपर्यंत त्या हरणाच्या मांसाच्या पुड्यांवर तारीख आणि नोंदणी क्रमांक लिहून त्या वेगळ्या कप्प्यात ठेवा, दुसऱ्या कोणाच्या मांसात मिसळू देऊ नका, आणि निकाल 'आढळला' असा आला तर ते मांस खाऊ नका.